मजुरीचा भाव कोण ठरवितो?



मजुरी मागणी-पुरवठ्यावर ठरते, तेथे जातीचा काय संबंध, असे शिकलेसवरलेले लोक आपणांस विचारतात. त्यांस मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास दाखवा. तेथे विणकामाचे खाते अधिक पगाराचे. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांस त्या खात्यात थारा नव्हता. सरकारचा असा कायदा नव्हता. रूढी पुरेशी होती. आपले हात कताईकडील कमी मजुरीच्या खात्यांत कोंबले गेले, आणि मग म्हणावयाचे की पुरवठा फार म्हणून भाव कमी! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठविण्याची मागणी लावून धरली ती उगीच नव्हे.

आता आजचा कायदा वाचा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचे संरक्षण वीस कामगारांपासून लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितेने तो आकडा पन्नास केला. म्हणजे एकोणपन्नास झाडूवाल्यांचा कंत्राटदार त्या प्रकरणाच्या बाहेर. ही संहिता म्हणते की आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी मजूर नेमू नयेत. फार चांगले! परंतु आस्थापना ज्यासाठी स्थापन झालेली नाही अशी कोणती कामे मुख्य नव्हेत, याची यादी खालीच आहे, आणि तिच्यात पहिले नाव आहे झाडलोट, साफसफाई व केरकचरा उचलणे यांचे. जातीचे नाव कोठेही नाही. परंतु झाडू बहुधा कोणाच्या हाती असतो हे तुम्हांस सांगावयास नको. नगरपालिका तर साफसफाईसाठीच स्थापन होते, हा युक्तिवाद मात्र आपल्या हाती उरतो. तो सोडू नका.

कामगार कायम केले तर रोजगार घटेल, अशी भीती घातली जाते. परदेशी मालाशी झुंजणाऱ्या कारखान्याच्या बाबतीत तिचा विचार करता येईल. पण शहराचा केर परदेशातून स्वस्तात उचलून घेता येतो काय? तो रोज येथेच उचलावा लागतो. घटेल ती कंत्राटदाराची दलाली.

माझ्याकडे एक बाई आल्या. अनेक वर्षे त्यांनी एका कार्यालयात झाडू मारला होता. कागद एकही नव्हता. वर्षात २४० दिवस काम केल्याचा पुरावा कामगारानेच द्यावा, केवळ त्याचे प्रतिज्ञापत्र पुरे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरविले आहे. मी त्यांस काय देणार होतो? उलट मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांस कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा निवाडा त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला. ते संघटित होते.

नवी संहिता प्रत्येक कामगारास नेमणूकपत्राचा हक्क देते. ते लेखी मागा. पगाराची पावती, बँकेचे पासबुक व भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक घरात एका ठिकाणी ठेवा, आणि शाळेत जाणाऱ्या मुलीकडून रोजची हजेरी वहीत लिहून घ्या.