अ‍ॅपची सक्ती आहे, पण रेंजचे काय?

रेशनकार्डावरचे नाव टिकवायचे तर ई-केवायसी करा. दुकानात जायला जमत नसेल तर घरबसल्या 'मेरा ई-केवायसी' अ‍ॅपवर करा, असे शासन सांगते. ऐकायला सोपे आहे. पण त्यासाठी एक नव्हे, दोन अ‍ॅप लागतात. दुसरे 'आधार फेस आरडी'. म्हणजे अँड्रॉइड फोन हवा, त्यात जागा हवी, रिचार्ज हवा आणि रेंज हवी. शहापूरच्या डोळखांब-कसारा भागातील पाड्यांवर किंवा मुरबाडमध्ये माळशेज घाटाखालच्या वाड्यांवर या चारही गोष्टी एकाच वेळी एका बाईच्या हाती असणे कठीण. घरात फोन एकच असतो आणि तो बहुधा कामावर गेलेल्या पुरुषाच्या खिशात असतो.

प्रश्न फक्त रेशनचा नाही. मनरेगाच्या सार्वजनिक कामांवरील मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणे सक्तीचे झाले. पीक पाहणी २०२१ मध्ये अ‍ॅपवर गेली. मुरबाडचे धसई डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले होते. घोषणा एका दिवसात होते, टॉवर आणि वीज रोज लागते.

मग वायफाय नसताना लोक काय करतात? पूर्वी तरुण 'शेअरइट', 'झेंडर' वापरून एका फोनवरून दुसऱ्यावर अ‍ॅप टाकत. २९ जून २०२० रोजी केंद्राने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये ही दोन्ही होती. आज अनेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'एपीके' फाईल सोपी वाटते, आणि फसवणूक तिथेच होते. पीएम किसान किंवा वाहनाच्या ई-चलनाच्या नावाने आलेल्या अशा फाईलीतून ओटीपी चोरून खाती रिकामी केली जातात.

सुरक्षित वाटा आहेत. प्ले स्टोअरमधून मोबाईल डेटावरही अ‍ॅप घेता येते. फक्त सेटिंगमध्ये 'कोणत्याही नेटवर्कवर' हा पर्याय निवडावा लागतो. आपल्या फोनचा हॉटस्पॉट दुसऱ्याला देता येतो. अँड्रॉइडच्या 'क्विक शेअर'ने शेजारच्या फोनला इंटरनेटशिवाय अ‍ॅप देता येते. मात्र देणारा माणूस ओळखीचा असावा आणि त्याने ते प्ले स्टोअरमधूनच घेतलेले असावे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा.

पण अ‍ॅप फोनमध्ये आले म्हणजे काम झाले असे नाही. ओटीपीला रेंज लागते, चेहरा पडताळायला इंटरनेट लागते. म्हणून हा प्रश्न तंत्रापेक्षा हक्काचा आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या हक्काशी जोडली. अन्नाचा हक्क तर २०१३ च्या कायद्याने दिलेला आहे. तो फोनच्या मेमरीवर अवलंबून ठेवता येणार नाही.

कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. रविवारी विहारात किंवा समाजमंदिरात दोन तास बसून लोकांना अ‍ॅप टाकून द्यावे, ते वापरायला शिकवावे. पिन आणि ओटीपी मात्र ज्याचा त्यानेच टाकावा. दुसरे, ग्रामसभेत ठराव मांडावा: रेंज नसलेल्या पाड्यावर कर्मचाऱ्याने यंत्र घेऊन यावे, आणि अ‍ॅप चालले नाही म्हणून कोणाचे धान्य वा मजुरी अडू नये. पहिल्या कामाने आजची अडचण सुटेल. दुसरे केले नाही, तर पुढच्या अ‍ॅपला तीच रांग पुन्हा लागेल.