गल्फमध्ये जन्मलेलं मूल आणि एका वर्षाची मुदत

कोकणातल्या मुस्लिम घरांचं गल्फशी नातं आता तिसऱ्या पिढीत आलं आहे. खेड, चिपळूण, श्रीवर्धन, मुरूड, कुठल्याही मोहल्ल्यात विचारा, कोणाचं ना कोणाचं मूल कुवेत, दोहा किंवा रियाधला जन्मलेलं असतं. कानात अजान होते, अकीका होतो, गावाला मिठाई वाटली जाते. पण बाळाची नोंद भारतीय एम्बसीत झाली का, हे विचारायचं राहून जातं.

गल्फचे देश केवळ तिथे जन्म झाला म्हणून नागरिकत्व देत नाहीत. आई-वडील तिथे वीस वर्षं राहिलेले असोत, मुलाला मिळतो तो रहिवासाचा परवाना, आणि नोकरी गेली की तोही जातो. म्हणजे त्या मुलाला देश आहे तो भारतच. ते कागदावर सिद्ध झालं नाही तर मूल अधांतरी राहतं.

आपला कायदा काय म्हणतो? नागरिकत्व कायदा १९५५, कलम ४. आधी परदेशात जन्मलेल्या मुलाचं नागरिकत्व फक्त वडिलांकडून येत असे. १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा वडील, दोघांपैकी एक भारतीय असला तरी चालतं. पण ३ डिसेंबर २००४ पासून एक अट आली. जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात झाली पाहिजे. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असंही आई-वडिलांना लिहून द्यावं लागतं.

इथे दोन गैरसमज आहेत. पहिला, तिथल्या हॉस्पिटलचा किंवा सरकारचा दाखला म्हणजे सगळं झालं. तो दाखला जन्माचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. दुसरा, गावी येऊन ग्रामपंचायतीत नोंद करू. कायमचं परत आलेल्या कुटुंबाला मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथे जन्मनोंद करता येते, हे खरं. पण कलम ४ मधली नोंद दूतावासातली आहे. गावचा दाखला तिची जागा घेत नाही. आणि "जन्म घरीच झाला असं दाखवा" हा सल्ला तर मुळीच ऐकू नये. उद्या दोन कागदांवर दोन जन्मस्थळं निघाली तर भोगायचं मुलाला आहे.

हे आजच का सांगतो? २०२५ मध्ये बिहारमध्ये मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली. त्यात परदेशात जन्मलेल्यांनी कोणता पुरावा जोडायचा, तर भारतीय दूतावासाने दिलेल्या जन्मनोंदीचा. २००४ नंतर गल्फमध्ये जन्मलेली पहिली मुलं आता मतदानाच्या वयाची झाली आहेत. आधार कार्ड दाखवून हा प्रश्न सुटत नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावाच नाही, असं आधारचा कायदाच सांगतो.

करायचं काय? आम्ही शिक्षक प्रवेशाच्या वेळी कागद पाहतो, तेव्हा सगळ्यात जास्त घोळ नावांत दिसतो. निकाहनाम्यावर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. अरबी दाखल्यावर आजोबांचं नाव जोडलेलं, आडनाव गायब. म्हणून बाळंतपणाच्या आधीच दोघांचे पासपोर्ट आणि निकाहनामा जुळवून घ्या. जन्मदाखला हातात आला की स्पेलिंग लगेच तपासा. बाळाच्या पासपोर्टचा अर्ज करताना जन्मनोंदीचं प्रमाणपत्र वेगळं मागून घ्या आणि पासपोर्ट बदलला तरी ते जपून ठेवा.

ज्यांचं वर्ष निघून गेलंय त्यांनी मूल अठराचं होईपर्यंत थांबू नये. उशिराच्या नोंदीचा अर्ज एम्बसीमार्फत आजही करता येतो. मूल लहान आणि आई-वडील दोघंही सोबत असताना जे काम सोपं असतं, तेच वडील निवृत्त होऊन गावी परतल्यावर फार अवघड होतं. या सुट्टीत घरी येणाऱ्या प्रत्येक भाऊ-बहिणीला एवढं जरूर विचारा.