पत्र्यात कोंडलेला मावळा: चिलखताविषयी एक वाद

१/ गेल्या आठवड्यात रिसोडच्या एका शाळकरी मुलाने काढलेले चित्र पाहण्यात आले. विषय होता ‘वऱ्हाडचा महानायक’. नायकाच्या अंगावर मस्तकापासून टाचेपर्यंत चकाकणारे पोलादी पत्रे, शिरस्त्राणाला दोन शिंगे, पाठीवर लाल झगा. रेषा उत्तम होती. खाली मात्र लिहिले होते, ‘मावळ्यांच्या चिलखतावरून’. माझे भांडण त्या मुलाशी नाही. मावळा असाच दिसत होता, असे ज्या मोठ्यांनी पडद्यावर, फलकांवर आणि खेळांतून त्याला शिकविले, त्यांच्याशी आहे.

२/ मित्रहो, प्रारंभीच स्पष्ट सांगतो. मावळ्याला युरोपीय पत्र्यात कोंडल्याने त्याचा गौरव होत नाही. त्याने विचारपूर्वक जे नाकारले, तेच आपण त्याच्या अंगावर चढवितो. चिलखत हा पोशाखाचा प्रश्न नाही. ती युद्धनीतीतील पहिली निवड आहे. घाव कोणता येणार, किती कोस चालायचे, ऋतू कोणता आणि मोडलेले कोण दुरुस्त करणार, या चार प्रश्नांची उत्तरे तिच्यात सामावलेली असतात.

३/ प्रथम शब्द नीट समजून घेऊ. लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेले जाळे म्हणजे फारसीतील ‘जिरह’. आपल्या ‘जिरेटोप’ शब्दातील ‘जिरे’ तेच. कड्यांच्या जाळ्यात पोलादी पट्ट्या बसविलेले ते बख्तर. छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणारे चार पत्रे म्हणजे चार-आईना. याशिवाय कापूस भरून दाट टाचलेला दगला. आपल्याकडे संरक्षणाची साधने नव्हती, हा समज या शब्दसंपत्तीपुढेच टिकत नाही.

४/ आता कड्यांचे तंत्र पाहा. एक कडी चार शेजारणींतून जाते आणि चांगल्या कामात तिची टोके खिळ्याने ठोकून बंद केलेली असतात. तलवारीचा ओढता घाव या जाळ्यावर घसरतो. परंतु निमुळत्या भाल्याचे टोक कडी फोडू शकते आणि गदेचा मार तर जाळ्यातून थेट हाडापर्यंत पोहोचतो. म्हणून आत कापसाचा थर लागतोच. कापडावाचून कड्यांचे काम अर्धेच राहते. चित्रकार मात्र हे कापड नेमके विसरतात.

५/ ‘आपल्याकडे जगप्रसिद्ध पोलाद होते, मग चिलखतही त्याचेच असणार,’ असा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. दक्षिणेतील मुशीचे पोलाद, ज्याला युरोपीय ‘वूट्झ’ म्हणत, खरोखरच विख्यात होते. तेलंगणातील कोनासमुद्रम हे त्याचे नामांकित केंद्र. पण त्या पोलादात कार्बनचे प्रमाण सुमारे दीड टक्का. ते कठीण, म्हणून धार उत्तम धरते. तार ओढायला, कडी वाकवायला आणि खिळा ठोकायला मात्र मऊ, चिवट लोखंड हवे. तलवारीला जे भूषण, ते कडीला दूषण.

६/ आता आपल्याच जिल्ह्याकडे या. १६७० च्या अखेरीस मराठी फौजेने कारंजा लुटले. तेच कारंजा, जे आज रिसोडप्रमाणेच वाशीम जिल्ह्यात आहे. सह्याद्रीच्या कुशीतून वऱ्हाडच्या पोटात शिरायचे, श्रीमंत पेठ गाठायची, लूट बैलांवर व गाढवांवर लादायची आणि मोगली फौज जमण्याआधी परतायचे. या मोहिमेचे खरे शस्त्र वेग होते. घोड्याच्या पाठीवर वाढणारा प्रत्येक शेर त्या वेगातून वजा होतो.

७/ ‘म्हणजे मराठे उघड्या अंगाने लढत होते का?’ नाही. त्याच वर्षीचा दुसरा प्रसंग पाहा. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन परतताना दाऊदखान कुरेशीने वणी-दिंडोरीजवळ वाट अडविली. सभासद बखरीनुसार महाराजांनी लूट पुढे रवाना केली आणि स्वतः बख्तर व घुगी घालून, हातांत पटे चढवून मागे उभे राहिले. घुगी म्हणजे डोके व मान झाकणारे आच्छादन. पळायचे नव्हते, वाट रोखून धरायची होती. म्हणून बख्तर.

८/ एकच राजा, एकच वर्ष आणि दोन वेगळ्या गरजा. प्रतापगडच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी गरज तिसरी होती. भेट समोरासमोरची, घाव जवळून येणारा आणि संरक्षण दिसता कामा नये. म्हणून वस्त्राआडचे चिलखत परंपरेच्या स्मरणात राहिले. अखंड पत्र्याचा पोशाख त्या शामियान्यात उपयोगी पडला असता का? खानाने तो दुरूनच पाहिला असता.

९/ जड सैन्याचे काय होते, याचा धडा फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत मिळाला. कारतलबखान मोठ्या सरंजामासह कोकणात उतरत होता. अरुंद खिंडीत, पाण्यावाचून, त्याची फौज मराठ्यांनी कोंडली. त्या फौजेत माहूरच्या देशमुखीण रायबाघन सावित्रीबाई होत्या. पैनगंगेच्या खोऱ्यातील ही बाई, म्हणजे आपल्या शेजारचीच. खानाला शरण जाण्याचा सल्ला तिनेच दिला. साधने विपुल होती. ती त्या वाटेसाठी निवडलेली नव्हती, एवढेच.

१०/ येथे पत्र्याच्या चिलखतावरही अन्याय नको. पंधराव्या शतकातील उत्तम युरोपीय चिलखत साधारण २० ते २५ किलोचे असे. वजन सर्वांगावर वाटले जाई आणि त्यात धावता, घोड्यावर चढता येई. सरदाराला उचलून घोड्यावर ठेवावे लागे, ही निव्वळ दंतकथा. पण ते मापाने घडवावे लागे, फार महाग पडे आणि आत उष्णता साचे. विशेष म्हणजे बंदुकीच्या गोळीपुढे पत्रे जाड करता करता ते असह्य झाले आणि महाराजांच्याच काळात युरोप हातापायांवरचे पत्रे उतरवू लागला होता. आपण मावळ्याला जे चढवितो, ते त्याच्या समकालीन युरोपीयांनीच टाकायला घेतले होते.

११/ हवामानाची साक्षही काढू. सोळाव्या शतकात मेक्सिकोत उतरलेल्या स्पॅनिश शिपायांपैकी अनेकांनी तेथील उष्ण हवेत स्वतःचे पोलाद बाजूला ठेवून स्थानिकांचे कापूस भरलेले जाड अंगरखे वापरले. बाणांपुढे ते पुरेसे होते. मग ज्या वऱ्हाडाची ओळख कापसाने झाली, त्याच्या महानायकाच्या अंगावर कापसाचा एक धागाही नसावा? वैशाखात रिसोडच्या रस्त्यावर दुपारी केवळ हेल्मेट घालून उभे राहा. पत्र्याच्या पोशाखाविषयीचे मत तासाभरात बदलेल.

१२/ पैशाचा प्रश्नही टाळता येत नाही. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई, म्हणजे त्याचे संरक्षण त्याच्या कमाईवर अवलंबून. सगळी फौज एकसारख्या झळाळत्या पोलादात दाखविणारा दिग्दर्शक या कष्टकरी माणसाचा हिशेबच पुसून टाकतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे पोलादी चिलखत आणि ढाल आहे. ती बादशहाची मिरास. नांगर ठेवून भाला उचललेल्या माणसाचे मोठेपण त्या मापाने मोजायचे नसते.

१३/ आता नेहमीचा आक्षेप: ‘अहो, कल्पित नायक आहे. कल्पनेला इतिहासाची बेडी कशाला?’ कल्पनेचे स्वातंत्र्य मला मान्य आहे. पण चांगली कल्पित कथाही स्वतःच्या पोशाखाचे कारण देते. ‘ब्लॅक पँथर’चा पोशाख त्याच्या देशाच्या खनिजातून येतो, म्हणून तो पटतो. आपल्या नायकाचा पोशाख मात्र दुसऱ्याच्या चित्रातून येतो. शिवाय चित्राखाली ‘मावळ्यांवरून’ लिहिले की ते विधान ठरते आणि विधानाला पुरावा द्यावाच लागतो.

१४/ आधुनिक द्रव्येही हेच सांगतात. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या तंतूतून केव्हलार आले. गोळी अडविणारे ते अंगरखे म्हणजे विणलेल्या कापडाचे अनेक थर. गोळीचा जोर धाग्याधाग्यांत पसरतो. तरीही केवळ गोळीसाठी केलेल्या अंगरख्यातून सुरीचे टोक आत जाऊ शकते. टायटेनियमची घनता पोलादाच्या सुमारे ६० टक्के, म्हणून ते हलके. पण तेवढ्याच जाडीत ते उत्तम चिलखती पोलादाहून अभेद्य नव्हे. सर्व घाव अडविणारे द्रव्य आजही प्रयोगशाळेत नाही. जे आहे ते निवडीचे शास्त्र.

१५/ म्हणून त्या मुलाला, आणि तुम्हा सर्व रेखाटणाऱ्यांना, एक विनंती. महानायक जरूर काढा. आत कापसाचा टाचलेला थर द्या, त्यावर हलक्या तंतूचे जाळे, छातीपुरता पत्रा, काखेत वारा खेळेल अशी जागा आणि एका हाताने सुटतील असे बंद. काळ्या मातीत चिखल झाला तरी तो धावू शकेल, याची खात्री करा. गावच्या लोहाराला त्याची तुटलेली कडी जोडता आली पाहिजे. आणि शिंगे? ती पोळ्याच्या बैलासाठी राखून ठेवा.

१६/ ज्यांना हे अमान्य असेल त्यांनी अवश्य प्रतिवाद करावा. फक्त चित्रपटाचे दृश्य पुरावा म्हणून आणू नये. बखर, पत्र, संग्रहालयातील वस्तू किंवा निदान लोहाराचा अनुभव आणावा. मी चुकलो असेन तर याच मालिकेत दुरुस्ती लिहीन. त्या मुलाने दुसरे चित्र काढायला घेतले आहे, असे कळले. या वेळी त्याने आधी आजोबांना विचारले, ‘आपल्या शेतात कापूस कधीपर्यंत होता?’ आज त्या शेतात सोयाबीन आहे. प्रश्न मात्र योग्य जागी पोहोचला आहे.