धूर उन्हात मरत नाही

डिसेंबरातली गोष्ट. ऑफिसातल्या एका मित्राचं गाव धानोरा, नंदुरबार जिल्ह्यातलं. लाँग वीकेंड होता, म्हणून त्याच्याबरोबर गेलो. पहाटे अंगणात येऊन बघतो तर काय, अख्ख्या गावावर निळसर धुराची चादर! थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची उबदार, त्यामुळे धूर वर जात नाही, पसरून बसतो. शाळेत शिकलो होतो, बघितलं पहिल्यांदाच.

मित्राची आई चुलीपुढे भाकरी थापत होती. चुलीत पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. मी कौतुकाने शेजारी जाऊन बसलो आणि दोन मिनिटांत डोळे चोळत बाहेर! मावशी हसल्या. म्हणाल्या, "थांबा थोडं. ऊन वर आलं की जातो धूर."

दहाच्या सुमारास खरंच आभाळ निळंशार. मला एकदम पटलं. पटणारच की! आपल्या घरात ऊन म्हणजे शुद्धी. गोधड्या, गाद्या, पापड, बाळाची दुपटी... सगळं उन्हात टाकलं की काम झालं.

पण मंडळी, आपल्या धंद्यात आपोआप गायब झालेल्या बगवर कोणी विश्वास ठेवत नाही. पुण्यात परत आल्यावर म्हटलं, बघू तरी हा धूर जातो कुठे. आणि जे वाचलं त्याने माझी चांगलीच जिरवली.

ऊन वर आलं की जमीन तापते, हवा वर-खाली ढवळली जाते आणि धूर पातळ होतो. इथपर्यंत मावशींचं बरोबर. पण ऊन आणखी एक काम करतं. ओझोन आणि पाण्याची वाफ यांच्यापासून उन्हात 'हायड्रॉक्सिल' नावाचा अत्यंत भांडखोर रेणू तयार होतो. तो समोर दिसेल त्याला धरतो. लाकूड जळताना त्यातल्या लिग्निनपासून ढीगभर फिनॉल बाहेर पडतात. हायड्रॉक्सिल त्यांच्यावर तुटून पडतो आणि त्यातून क्विनोनसारखी नवी रसायनं तयार होतात. ही फुफ्फुसात गेली की ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देत राहतात, पुन्हा घेतात, पुन्हा देतात... एक्झिट कंडिशन नसलेला लूपच म्हणा ना! त्यात शरीराची संरक्षक द्रव्यं खर्ची पडतात.

या ताकदीला ऑक्सिडेशन क्षमता म्हणतात. अथानासिओस नेनेस यांच्या गटाने ग्रीसमध्ये धुराचे नमुने गोळा करून हायड्रॉक्सिलसमोर ठेवले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात ही क्षमता सुमारे दुपटीने वाढलेली दिसली. म्हणजे धूर शिळा होत होता, पण निरुपद्रवी होत नव्हता.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी एकाच टेस्ट केसवर रिलीज करणारा ठरेन. धुरातलं बेन्झोपायरीन, म्हणजे कॅन्सरसाठी बदनाम असलेलं रसायन, उन्हात लवकर तुटतं. धुराचा तपकिरी रंगही दिवसभरात बराच उडतो. आणि चाचणीतली ऑक्सिडेशन क्षमता दुप्पट झाली म्हणून माणसं दुप्पट आजारी पडतील, असं सरळ गणित नाही. ऊन काही विषं मोडतं आणि काही नवी घडवतं. रात्रीचा धूरही स्वस्थ बसत नाही. अंधारात नायट्रेट रेणू हेच उद्योग करतो. पण 'दिसत नाही म्हणजे संपला' हा आपला हिशेब मात्र साफ चुकीचा आहे.

माझा खरा मुद्दा पुढेच आहे. आपण धूर मोजतो वजनाने. आपल्या २००९ च्या मानकांत पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. त्यात ताजा धूर आणि उन्हात शिजलेला धूर दोन्ही सारखेच. हे म्हणजे कोडच्या ओळी मोजून सॉफ्टवेअरचा दर्जा ठरवण्यासारखं झालं. कोणत्या मॅनेजरला हे आवडतं ते तुम्हाला माहीतच आहे!

वजन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. कर्क स्मिथ आणि सहकाऱ्यांनी आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांजवळची हवा मोजली, तेव्हा सगळे कण मिळून घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम भरले. हे काम १९८३ साली छापून आलं. चुलीचा धूर हा आरोग्याचा प्रश्न आहे हे जगाला अशाच आकड्यांनी दाखवलं.

पण त्यावर आपण शोधलेलं उत्तर काय? चुलीला धुराडं लावा, धूर बाहेर काढा. घरातल्या बाईसाठी ते चांगलंच आहे, वाद नाही. मात्र बाहेर काढलेला धूर संपत नाही. तो गावावर पसरतो, ऊन त्याच्यावर काम करतं आणि तोच अंगणातून, शाळेच्या खिडकीतून परत आत येतो. म्हणून मला वाटतं, धूर हलवण्यापेक्षा तो होऊच न देणं हाच उपाय. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि दहा कोटींहून जास्त जोडण्या दिल्या गेल्या. हे मोठं काम आहे. पण जोडणी म्हणजे इन्स्टॉलेशन. खरा प्रश्न वापराचा.

मावशींकडेही सिलिंडर होता. कोपऱ्यात, वर स्वच्छ कापड घातलेला. त्यावर चहा होतो, पाहुणे आले की. माझा चहा त्यावरच झाला होता. भाकरी मात्र चुलीवर, कारण पऱ्हाट्या शेतातून फुकट येतात आणि सिलिंडरला रोख पैसे लागतात. यात अडाणीपणा कुठेही नाही. महिन्याचा हिशेब आहे, आणि तो त्यांचा माझ्यापेक्षा पक्का आहे. बदलायचा असेल तर रिफिलची किंमत बदलावी लागेल, मावशींना उपदेश करून भागणार नाही.

आणि आपण? सोसायटीतला पालापाचोळा जाळून, 'बघ, झाला साफ' म्हणत वर गेलेल्या धुराकडे समाधानाने बघणारे आपणच ना?

असो. पुढच्या वेळी धानोऱ्याला गेलो की मावशींना एवढंच सांगणार आहे, ऊन आलं की धूर जात नाही, फक्त दिसेनासा होतो. त्या बहुतेक हसतील आणि विचारतील, "मग गॅस भरून देता का?"

उत्तर अजून तयार नाही.