गोल काळा केला, पण बोलणार कोण?

तुमचा मित्र धावण्याच्या शर्यतीत पहिला आला. तुम्ही त्याला काय म्हणाल? पर्याय असे: 'आय ॲम सॉरी', 'गुड नाइट', 'काँग्रॅच्युलेशन्स' आणि 'एक्सक्यूज मी'.

हसू नका. प्रश्न मी बनवलेला आहे, पण शिष्यवृत्ती परीक्षेच्या इंग्रजीत याच जातीचे प्रश्न असतात. डोंबिवली-कल्याण-ठाणे पट्ट्यातल्या मराठी शाळांत, क्लासेसमध्ये आणि घरोघरी जेवणाची ताटं उचलल्यावर त्याच टेबलावर, पोरं त्यांचा सराव करत असतात. ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला असायची. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये सरकारने ती पुन्हा चौथी-सातवीला न्यायचा निर्णय घेतला. इयत्ता इकडून तिकडे झाली, प्रश्नांची जात तीच राहिली. मराठी माध्यमाच्या मुलाला दुसऱ्या पेपरात तृतीय भाषा म्हणून इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. सगळे बहुपर्यायी. बरोबर वाटेल तो गोल काळा करायचा.

आता यात गंमत अशी की 'तुम्ही काय म्हणाल?' या प्रश्नाचं उत्तर देताना मूल काहीच म्हणत नाही. ते ओळखतं. चार अनोळखी माणसांतून आपला मामा ओळखावा तसं. ओळखणं वाईट नाही, पण मामाशी बोलणं ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्ट सगळ्या हिरव्या आहेत आणि ॲप्लिकेशन कोणी सुरूच करून पाहिलेलं नाही.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. त्याआधी एबीसीडी पाचवीत भेटायची. जून २००० मध्ये पहिलीत गेलेली पोरं मार्च २०१० मध्ये दहावीला बसली आणि आज तिशी ओलांडून आपल्याच शेजारच्या क्युबिकलमध्ये बसलेली आहेत. दहा वर्षं इंग्रजी शिकलेली माणसं ही. ईमेल उत्तम लिहितात, डॉक्युमेंटेशन भराभर वाचतात, आणि कॉन्फरन्स कॉलवर म्यूटचं बटण काढायची वेळ आली की घसा साफ करत बसतात. हुशारीचा प्रश्नच नाही. दहा वर्षांत तोंड उघडायची वेळ कितीदा आली, हा प्रश्न आहे.

त्यात आपल्या भाषेची घडण वेगळी, आणि हे कोणी समजावून सांगत नाही. मराठीत 'प्लीज'साठी वेगळा शब्द रोज लागत नाही. आपण 'जरा' म्हणतो, 'ना' लावतो, आवाज मऊ करतो. 'दादा, जरा आत सरका ना' यात सगळं प्लीज आलं. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचं हे डोंबिवलीतल्या चार वर्षांच्या पोरालाही कळतं. म्हणजे कुठे काय बोलावं याची अक्कल मुलाकडे आधीपासून आहेच. तिला फक्त इंग्रजी जोडून द्यायचं आहे. आपण ते न करता कोरी पाटी समजून पंचवीस वाक्यं घोकायला देतो.

आणि जिथे खरंच घोळ होतो तिथे घोकून भागत नाही. 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' असं कुणी विचारलं तर आपलं पोर आनंदाने म्हणेल 'यस!' त्याच्या डोक्यात 'बसू का? चालेल?' आणि 'हो, चालेल' असा सरळ व्यवहार आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ झाला, हो, मला त्रास होईल. इथे परवानगी द्यायला 'नो, नॉट ॲट ऑल' म्हणावं लागतं. परीक्षेपुरतं 'माइंड दिसलं की नॉट ॲट ऑल' हे पाठ होतं. पण लोकलमधल्या सूचनेतला 'माइंड' म्हणजे लक्ष द्या, आणि या प्रश्नातला 'माइंड' म्हणजे हरकत असणं, हे एकदा बोलून दाखवलं की कायमचं डोक्यात बसतं.

दुसरा घोळ नकारार्थी प्रश्नांचा. 'अजून जेवला नाहीस?' 'हो, नाही जेवलो.' मराठीत आपला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत 'यस' आणि 'नो' घडलेल्या गोष्टीला असतात. परदेशी क्लायंट विचारतो, 'हॅवन्ट यू डिप्लॉइड इट येट?' इकडून नम्रपणे 'यस' जातं, म्हणजे मनात 'हो, अजून नाही केलं'. तिकडचा समजतो झालं काम. पुढचा अर्धा तास कसा जातो ते तुम्हाला माहीतच आहे :)

आता उताऱ्यांकडे येऊ. हे वाक्य बघा: 'फ्लिमी वेन्ट टू द ग्रॉबल विथ हर टोझी.' प्रश्न १: 'व्हेअर डिड फ्लिमी गो?' उत्तर: 'टू द ग्रॉबल.' प्रश्न २: 'हू वेन्ट विथ हर?' 'हर टोझी.' पैकीच्या पैकी गुण! फ्लिमी कोण, ग्रॉबल काय, टोझी खायचं की पांघरायचं, काही माहीत नसताना. मुलांना आपण शिकवतो तेच हे: आधी प्रश्न वाच, त्यातला शब्द उताऱ्यात शोध, ती ओळ उतरव. युनिक्सवाल्यांच्या भाषेत याला ग्रेप म्हणतात, आणि ग्रेपला वाचता येतं असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

खरं आकलन बघायचं तर सोसायटीची नोटीस घ्या. घोडबंदर रोडच्या टॉवरांत त्या इंग्रजीतच असतात. 'गुरुवारी रात्री १२ ते शुक्रवारी रात्री १२ पाणी बंद, शनिवारी कमी दाबाने येईल.' प्रश्न: पिंपं कधी भरायची? 'पिंप' हा शब्द नोटिशीत कुठेच नाही, त्यामुळे शोधून सापडणार नाही, समजूनच घ्यावं लागेल. उत्तर मुलाने मराठीत दिलं तरी चालेल. कळलंय की नाही ते आधी बघू, इंग्रजीत सांगणं ही दुसरी पायरी. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा गावांतल्या मुलांनी वाचन म्हणजे आठ ओळी आणि चार प्रश्न एवढंच समजावं, याचं वाईट वाटतं.

पुढे दहावीत काय होतं ते २०१९ साली सगळ्यांना दिसलं. भाषांच्या पेपरांना लेखी ८० आणि शाळेकडचे तोंडी वगैरेचे २० अशी विभागणी होती. त्या वर्षी हे २० गुण काढून टाकले. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता, त्यामुळे सगळं खापर एकाच गोष्टीवर फोडता येणार नाही. पण ओरड झाली ती या वीस गुणांचीच, आणि पुढच्याच वर्षी ते परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के.

त्या सगळ्या गदारोळात गुण द्यावेत की नाही यावर भरपूर वाद झाला. ते गुण ज्यासाठी आहेत ते बोलणं होतं का, यावर फारसं कोणी बोललं नाही. बऱ्याच ठिकाणी तोंडी परीक्षा म्हणजे नाव सांगणं, एक कविता म्हणणं आणि वीसपैकी अठरा. माझं म्हणणं, गुण राहू देत, पण त्यांच्या बदल्यात मुलाला खरंच बोलायला लावा. दोन मुलं समोरासमोर उभी करा, एक प्रसंग द्या, दोन मिनिटं. पाठांतर नको. चुकलं तरी गुण द्या, गप्प राहिलं तर मात्र विचारा, का रे बाबा?

'वर्गात साठ पोरं, शिक्षक कुणाकुणाचं ऐकणार?' हा आक्षेप रास्त आहे. पण सरावाला शिक्षकाने प्रत्येकाचं ऐकायची गरज नसते. बाकावरच्या बाकावर जोड्या केल्या तर तीस संवाद एकदम होतात. गोंगाट होईल, होऊ दे. घरी हल्ली फोनमधलं एआयसुद्धा न कंटाळता गप्पा मारतं, तेही वापरा.

'त्यापेक्षा सरळ इंग्रजी माध्यमात घाला ना', हे तर रोज ऐकू येतं. तिथेही प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून पाठच करायची असतील तर फी वाढेल, तोंड उघडेलच असं नाही. आणि मराठी शाळा सोडायचं सगळ्यात मोठं कारण जर 'पोराला इंग्रजी बोलता येणार नाही' ही भीती असेल, तर त्या भीतीवरचं औषध शाळेच्या वेळापत्रकात आधीच आहे. आपण ते गोल काळे करण्यात संपवतोय.

असो. तुमच्या घरात, शेजारी, भाच्यापुतण्यांत कोणी यंदा शिष्यवृत्तीला बसणार असेल तर या शनिवारी एवढंच करा. सरावाचं पुस्तक उघडा, प्रश्न मोठ्याने वाचा आणि चारही पर्यायांवर तळहात ठेवा. पोर आधी दोन मिनिटं छताकडे बघेल. घाई करू नका. काहीतरी बोलेल, मोडकंतोडकं का होईना. मग हात उचला आणि पर्याय दाखवा. गोल काय, तो ते नंतरही काळा करेल.