न झाडलेल्या रायफलीचं कौतुक

जुन्या शिकारी बंदुकांच्या एका परदेशी लिलावाची पुस्तिका या आठवड्यात पाहण्यात आली. मुखपृष्ठावर दुनळी रायफल: बाजूच्या पोलादी पट्ट्यांवर सोन्यात जडवलेला वाघ, ठळक शिरांच्या अक्रोडाचा दस्ता, मखमली अस्तराची पेटी. तिच्यातून एकही गोळी झाडली गेलेली नाही, हे वर्णनात सगळ्यात आधी. बरीच पानं उलटल्यावर एक साधी माउझर येते. नळीवरची निळी झिलई उडालेली, दस्ता हाताच्या घामानं काळवंडलेला. तिला दोन ओळी.

हा क्रम उलटा हवा होता. असं का, याचं उत्तर कुमाऊँत आहे.

१९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी जिम कॉर्बेटला लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची पॉइंट २७५ रायफल भेट दिली. त्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी होते. एवढ्या मोठ्या कामाची नोंद म्हणून रायफलीवर काय आहे? दस्त्यावर मजकूर कोरलेली चांदीची एक छोटी पट्टी. बाकी सगळं कामापुरतं: माउझरचा बोल्ट, एकच नळी, आणि मुळात लष्करासाठी जन्मलेलं ७ बाय ५७ मिलिमीटरचं काडतूस.

एप्रिल १९३० मध्ये हीच रायफल घेऊन कॉर्बेट चौगढच्या वाघिणीच्या मागावर होता. डाव्या हातात रातव्याची दोन अंडी, कारण पक्ष्यांच्या अंड्यांचा त्याला नाद होता. ओढ्यातल्या एका मोठ्या खडकाला वळसा घातला आणि मान वळवून पाहिलं, तर वाघीण जेमतेम आठ फुटांवर दबा धरून बसलेली. रायफल उजव्या हातात, छातीशी आडवी, नळीचं तोंड भलतीकडे. ते वाघिणीवर आणायला पाऊण वर्तुळ फिरवावं लागणार होतं. त्यानं ते एका हातानं, तिच्या नजरेला हालचाल जाणवणार नाही इतकं सावकाश फिरवलं आणि चाप ओढला. अंड्यांमुळे त्याला गर्रकन वळता आलं नाही, आणि रायफल हलकी होती म्हणून एका हातानं पेलली. दोन्ही गोष्टी पथ्यावर पडल्या, असं त्यानंच पुढे लिहिलं आहे. कॉर्बेटकडे जड दुनळीही होती. ती तशी फिरवणं जमलं नसतं. ६४ माणसं मारलेल्या वाघिणीसमोर त्याला वाचवलं ते या हलकेपणानं आणि तेवीस वर्षांच्या हाताळणीनं. मखमली पेटीत राहिलेल्या रायफलीला अशी हाताळणी मिळत नाही.

नक्षीकाम करणाऱ्या कारागिरांबद्दल इथे राग नाही. पोलादावरची बारीक वेलबुट्टी चमक मोडते, उन्हात बंदूक लखलखत नाही. जुन्या इंग्रज कारखान्यांना हे ठाऊक होतं. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागाव्यात म्हणून दुनळीच्या नळ्या जुळवणं, हेही असामान्य कसबाचं काम. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत गेले ते मित्रांनी भेट दिलेली हॉलंड अँड हॉलंडची रॉयल दुनळी घेऊन, आणि हत्तींवर त्यांनी ती खरोखर चालवली. सिंहांसाठी मात्र त्यांचा भरवसा विंचेस्टरच्या साध्या पॉइंट ४०५ रायफलीवर होता. सोन्याचा वाघ ही निराळी गोष्ट. तो उन्हात चमकतो, ओरखड्याला भितो, आणि शेवटी मालक बंदूक बाहेर काढायलाच धजत नाही.

केनियातला व्यावसायिक शिकारी हॅरी सेल्बी याची दुनळी १९४९ मध्ये गाडीखाली चिरडली गेली. नड भागवायला त्यानं नैरोबीच्या दुकानातून तयार मिळाली ती रिग्बीची साधी पॉइंट ४१६ बोल्ट रायफल उचलली. पुढची कित्येक दशकं तो तीच वापरत राहिला.

आणि आता पॉलिश. जुना दस्ता घासून चकचकीत करायचा, नळीला नवी झिलई द्यायची, म्हणजे ज्या खुणांवरून तिचं आयुष्य वाचता येतं त्याच पुसायच्या. अशा दुरुस्तीनं जुन्या बंदुकीची किंमत घटते, हे जाणकार संग्राहक सांगून दमले. तरीही घासणारे हात थांबत नाहीत.

१९५५ मध्ये कॉर्बेट केनियात वारला. त्याची रायफल त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली, पुढे रिग्बीनं ती परत मिळवली आणि २०१६ मध्ये कालाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानीत आणली. कॉर्बेटनंच वसवलेलं हे गाव. पिकांच्या राखणीसाठी त्यानं तिथल्या एका गावकऱ्याला दिलेली जुनी बंदूकही गावानं जपली आहे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, आणि संपला हे उत्तमच झालं. पण अशा राखणीच्या बंदुका कोकणातही घराघरांत आहेत: शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या, ठासणीच्या किंवा एकनळी, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होणाऱ्या. आजोबा गेले, नातू मुंबईला, परवाना पुढे चालवायला कोणी नाही, की बंदूक सरकारजमा. संस्थानिकांच्या हत्यारांना आपल्याकडे संग्रहालयांत काचेची कपाटं मिळाली आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गानं राखणीची एकेक बंदूक तरी, निकामी करून पण न घासता, तिच्या शेताच्या आणि गावाच्या नोंदीसह तशीच मांडावी.