पाटीवरचा 'समुपदेशक' कोण?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत समुपदेशन आता नवलाचे राहिलेले नाही. ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये येथेच 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू करून हा विषय रुग्णालयाच्या भिंतींबाहेर आणला. मदत मागण्यातला संकोच त्यामुळे कमी झाला. मदत देणाऱ्याची पात्रता कशी ओळखायची, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही.

मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. त्याची नोंद वैद्यक परिषदेकडे होते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. हा कायदा अपंगांच्या पुनर्वसनासाठी झालेला. परिणामी, नैराश्याशी झुंजणाऱ्यांवर उपचार करणारा हा तज्ज्ञ कायद्याच्या यादीत श्रवणयंत्र तंत्रज्ञाच्या शेजारी जाऊन बसला. अन्य मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांना कायद्याच्या कक्षेत आणले ते २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याने. तोपर्यंत चार आठवड्यांचा वर्ग करणाऱ्यालाही 'समुपदेशक' अशी पाटी लावण्यास आडकाठी नव्हती.

त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश बंद केले. प्रत्यक्ष मार्गदर्शनाखालील सरावाविना दुसऱ्याचे दुःख हाताळता येत नाही, हा त्यामागचा विचार रास्तच आहे. परंतु रोज लोकलने मुंबई गाठणारा डोंबिवलीचा नोकरदार किंवा मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकू पाहणारी कल्याणची गृहिणी यांच्यासाठी तोच सोयीचा मार्ग होता. सायंकाळचे वर्ग आणि स्थानिक प्रशिक्षण केंद्रे यांची जोड न देता केवळ दार लावून घेतल्यास हा व्यवसाय सवडीच्या आणि ऐपतीच्या मंडळींपुरता उरेल.

व्यवसायाचे कुंपण रुग्णाचे रक्षण करते, तसेच आतल्यांची प्रतिष्ठा आणि मिळकतही राखते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात. अशा स्थितीत प्रशिक्षित स्वयंसेवकांनाही कुंपणाबाहेर ठेवणे परवडणारे नाही. गरज आहे ती कोणालाही पाहता येईल अशा नोंदवहीची आणि प्रत्येकाच्या कामाची मर्यादा स्पष्ट करण्याची. तोवर पदवी कोणती, सराव कोणाच्या देखरेखीखाली झाला आणि नोंदणी क्रमांक काय, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारण्यात रुग्णाने संकोच बाळगू नये.